जाळीच्या कपाटातला टाळ

माझ्याकडे जरा नीट बघा, मित्रांनो. काठाला टवका उडालेला, दोरीला चार गाठी मारलेल्या, असा मी एक जुना टाळ. वाट्या दोन, पण जीव एकच, म्हणून स्वतःला मी 'आम्ही' म्हणत नाही. माझा आवाज अजून खणखणीत आहे आणि माझा रागही. देवाच्या दारात उभं राहणाऱ्यानं राग धरू नये, हे मला कळतं. पण एका लेकराचे डोळे भरून आलेले मी महिनोन्महिने जाळीआडून पाहिले आहेत. तो राग मी देवापुढेच ठेवला आहे. त्यानं अजून तो उचललेला नाही, तेव्हा तुम्हाला सांगतो.

माझा जन्म शिरूरच्या एका ओताऱ्याच्या भट्टीत झाला. कासुर्डीचे हौसराव घरातली तडकलेली कांशाची ताटली आणि दोन वाट्या फडक्यात बांधून तिथं घेऊन गेले होते. ओताऱ्यानं विचारलं, "आबा, आवाज गोड पायजे का मोठा?" हौसराव म्हणाले, "खरा पायजे." मी वितळलो, साच्यात गेलो, निवलो, आणि ज्या घरात भाकरी-कोरड्यासाला उपयोगी पडत होतो त्याच घरात देवाच्या कामाला परत आलो.

हौसरावांचा फुलमळा होता. दिवसभर शेवंती, झेंडू, मोगरा. संध्याकाळी मारुतीच्या देवळात हरिपाठ. तीस वर्षं मी त्यांच्या हातात वाजलो. कीर्तनात बुवांच्या मागे टाळकऱ्यांच्या दोन रांगा उभ्या राहतात, त्यात उजवीकडून दुसरी जागा आमची. बुवांचं निरूपण चालू असतं तेव्हा टाळकऱ्यानं गप्प उभं राहायचं आणि बुवांचा हात वर गेला की त्याच क्षणी टाळ उठवायचा. एक मात्राही उशीर चालत नाही. यवतचे, वरवंडचे बुवा सप्ताहाला आले की म्हणायचे, "हौसरावांचा टाळ कुठं हाय? तो पुढं घ्या." कौतुक कुणाला नको असतं? मी तर अंगभर चमकायचो.

आणि मग आमच्या दोघांमध्ये तिसरी आली. हौसरावांची नात, म्हाळसा. सगळे तिला म्हाळू म्हणत.

म्हाळू पाच वर्षांची असल्यापासून आजोबांच्या धोतराला धरून टाळकऱ्यांत उभी राही. पोरीच्या जातीनं टाळकऱ्यांत उभं राहायचं म्हणून दोघातिघांनी नाकं मुरडली. त्यावर एक बुवा म्हणाले की देवाला टाळ ऐकू येतो, टाळकरी कोण ते तो विचारत नाही. तेव्हापासून कुणी बोललं नाही. सात वर्षांची झाल्यावर आजोबांनी मला तिच्या हातात दिलं. एरवी ती पोर एका जागी पळभर ठरत नसे, पण कीर्तनात अडीच-अडीच तास उभी राही. पाय सारखे हलत, ह्या पायावरून त्या पायावर, जणू खाली तवा तापला आहे. पण हात कधी चुकला नाही. बुवांचा हात वर गेला की सगळ्यांच्या आधी माझी कड तिनं उठवलेली असे. हे मी पाहिलं आहे, आणि म्हणूनच पुढे जे ऐकलं त्याचा मला इतका संताप आला.

शाळेत म्हाळू चौथीत नापास झाली होती. आता दुसरं वर्ष. एकोणीसशे चौऱ्याहत्तरचा तो जून होता. मन तिचं पाखरासारखं. गणित मांडता मांडता खिडकीच्या चौकटीवर मुंगी दाणा ओढताना दिसली की गणित तिथंच राही आणि म्हाळू मुंगीबरोबर बिळापर्यंत जाई. तिसरं गणित सोडवून ती सातव्यावर उडी मारी, मधली तीन तिला दिसतच नसत. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देई. दिवाळीपर्यंत अकरा पेन्सिली हरवत. हे ती मुद्दाम करत नव्हती, मित्रांनो. तिला स्वतःचाच राग येई आणि ती आपल्याच कपाळावर पाटी मारून घेई. तिच्या ह्या स्वभावाचं नाव तेव्हा गावात कुणाला ठाऊक नव्हतं. नावं ठेवायला मात्र सगळे पुढे होते. उनाड, वेंधळी, धांदरट, अंगात वारं शिरलेली.

तिचे वडील बबनराव मनानं वाईट नव्हते, पण थकलेले होते. त्यांनी एका वाक्यात सांगून टाकलं, "ह्या वर्षी चौथी बुडाली तर दप्तर माळ्यावर. फुलं तोडायला दोन हात वाढतील." मग दोन-तीन वर्षांत स्थळं बघायला लागायचं, हे न सांगताही सगळ्यांना कळलं.

माझं दुर्दैव आषाढातलं. माझी दोरी झिजली होती. शाळेत जाताना वाटेत दुकानातून सुती दोरी घे आणि मापाला टाळ दाखव, असं आजोबांनी म्हाळूला सांगितलं. ती मला घेऊन निघाली. वाटेत कालव्यावर खंड्या बसला होता. निळा, लाल चोचीचा. तो पाण्यात सूर मारणार की नाही हे बघण्यात दुकान राहिलं, दोरी राहिली, आणि शाळेची घंटा झाली तेव्हा ती मला दप्तरात कोंबून पळत सुटली.

वर्ग पोपटराव गुरुजींचा. गुरुजी कष्टाळू, हजेरीपटावर शाईचा डाग पडू न देणारे. त्यांच्या वर्गाचा निकाल तालुक्यात वर राहावा ह्याची त्यांना फार हौस होती, आणि म्हाळू म्हणजे त्या निकालाला पडलेला डाग. त्या दिवशी ती मांडीवर दप्तर घेऊन बसली होती. पाय नेहमीसारखे हलत होते. आणि मी वाजलो. मी! तीस वर्षांत एकदाही चुकीच्या जागी न वाजलेला मी भागाकाराच्या मध्येच किणकिणलो. ह्याचं वाईट मला आजही वाटतं.

गुरुजींनी मला दप्तरातून बाहेर काढलं, सगळ्या वर्गाला दाखवलं. पोरं हसली. म्हाळूच्या हातावर निरगुडीच्या फोकेचे पाच वळ उठले आणि मी जाळीच्या कपाटात गेलो. खडूंचे खोके, फाटका नकाशा, एका बाजूला चेमटलेला पृथ्वीचा गोल आणि तीच फोक, असा माझा नवा संसार.

तिसऱ्या दिवशी हौसराव आले. सत्तरीचा माणूस, पण दारात उभे राहिले. गुरुजींनी बसा म्हटलं नाही. आजोबांनी हात जोडून सांगितलं की चूक पोरीची नाही, आपणच टाळ तिच्याकडे दिला होता. गुरुजी पोरांसमोर म्हणाले, "आधी नात आवरा, मग टाळ मागा. पास झाली की न्या."

आजोबा रामराम करून गेले. मित्रांनो, मला डोकं असतं तर मी ते त्या जाळीवर आपटून घेतलं असतं. ज्या माणसाला मोठमोठे बुवा पुढं बोलवायचे, त्याला चौथीच्या पोरांदेखत दारातून परत लावलं! ते सगळा श्रावण, सगळा भादवा देवळात नुसत्या हाताच्या टाळ्या वाजवत उभे राहिले. दुसरा टाळ मागून घेतला नाही. कुणी विचारलं तर म्हणत, "माझा टाळ शाळंत शिकाया गेलाय."

शिकलो तर खरंच. जाळीतून मी तो वर्ग सहा महिने पाहिला. म्हाळू मागच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, पायाचे अंगठे धरून. "हलू नको" हे दोन शब्द मी तिथं इतक्या वेळा ऐकले की नामस्मरणसुद्धा कुणी इतकं करत नसेल. आणि न हलण्यातच त्या पोरीची सगळी ताकद जाई. अंगठे धरून ठेवायला एवढं बळ लागल्यावर भागाकाराला काय उरणार? कुणीच हे पाहिलं नाही. गुरुजी दिवसभर तिच्याकडे बघत होते आणि त्यांना ती दिसत नव्हती.

दिवाळीनंतर पोपटराव गुरुजींना खात्यानं तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाला दौंडला बोलावलं. त्यांचा वर्ग बन्सी गुरुजींनी आपल्या पहिलीबरोबर सांभाळायचा असं ठरलं. बन्सी गुरुजी तेवीस-चोवीस वर्षांचे, वरवंडच्या बौद्ध वस्तीतले, यवतला खोली घेऊन राहणारे. सायकलवरून येत आणि आल्यावर आधी पँटचा चिमटा काढून खिशात ठेवत. सुरुवातीला तेही म्हाळूवर वैतागले, खोटं कशाला सांगू? दोनदा ओरडले. पण एकदा खडू काढायला त्यांनी कपाट उघडलं आणि माझ्यावर हात पडला.

"हे काय?"

"म्हाळूच्या आज्याचा टाळ, गुर्जी," पोरं म्हणाली. "जप्त हाय."

बन्सी गुरुजींनी मला फिरवून पाहिलं. म्हाळू खाली बघत होती, पण पहिल्यांदाच तिचे पाय थांबले होते.

मार्गशीर्षातल्या सप्ताहाचा शेवटचा दिवस, काल्याचं कीर्तन सकाळी. बन्सी गुरुजी मला रुमालात गुंडाळून देवळापाशी आले. मांडवाच्या बाहेर पिंपळाखाली सायकल लावली आणि तिथंच थांबले. आजोबा लगबगीनं बाहेर आले. त्यांनी मला कपाळाला लावलं, मग गुरुजींचा हात धरला. "आत या, गुरुजी. हितं बसायला कुणाची परवानगी लागत न्हाई."

बन्सी गुरुजी हसले. "आबा, मी देवाचा माणूस न्हाई. हितनं ऐकतो."

"ऐका की. देवाला चालतंय," आजोबा म्हणाले आणि त्यांच्यासाठी घोंगडी पिंपळाखालीच आणून टाकली.

त्या दिवशी म्हाळूच्या हातात मी काय वाजलो म्हणून सांगू! सहा महिन्यांची धूळ पहिल्याच ठोक्याला झडली. निरूपण लांबलं, ऊन चढलं, मांडवातली माणसं पेंगायला लागली. बुवांनी ते पाहिलं. बोलता बोलता थांबले, हात वर केला, आणि "विठ्ठल, विठ्ठल" असा गजर घेतला. सगळा मांडव टाळ्या पिटत उभा राहिला, पेंगणारेही उभे राहिले, आणि पुन्हा खाली बसले तेव्हा प्रत्येकाचे डोळे उघडे होते. निरूपण जिथं थांबलं होतं तिथून पुढे चालू झालं.

कीर्तन संपल्यावर आजोबा लाह्यांचा द्रोण घेऊन पिंपळाखाली गेले. गुरुजी म्हाळूकडे बघत होते. म्हणाले, "अडीच तास उभी व्हती, आबा. एकदा चुकली न्हाई. वर्गात हिला पाच मिन्टं दम धरवत न्हाई."

"वर्गात गजर कुठं हाय?" आजोबा म्हणाले. "गुरुजी, तुम्ही बघितलं न्हवं आत्ता? बुवा पेंगणाऱ्याला मारत न्हाईत. गजर घेत्यात. मानसाचं ध्यान सुटणारच, ते काय खुंटीला बांधलंय व्हय? सुटलं की बोलावून आनायचं. बुवांचं निम्मं काम तेच हाय."

गुरुजींनी द्रोणातल्या लाह्या संपवल्या. जाताना म्हणाले, "आमच्या वस्तीत जलशावाले असंच करायचे. एवढं भाषण, की गाणं. मी ते इसरलोच व्हतो." आणि मला मागून घेतलं. जप्तीसाठी नव्हे, कामासाठी.

दुसऱ्या दिवसापासून मी चौथीत होतो, कपाटाबाहेर. म्हाळूची जागा खिडकीपासून हलली, मुंग्यांपासून लांब, फळ्याजवळच्या भिंतीला; तिथं तिनं बसावं किंवा उभं राहावं, तिची मर्जी. गुरुजींनी हात वर केला की तिनं मला एकदा वाजवायचं. वर्ग उठणार, एक पाढा टाळ्यांवर म्हणणार, खाली बसणार. गुरुजींचा हात कधी वर जाईल ह्याकडे लक्ष ठेवता ठेवता म्हाळूचं लक्ष फळ्यावर राहू लागलं. दहा गणितांऐवजी तिला पाचच मिळत; ती करून गुरुजींना दाखवायला चालत जायचं, परत यायचं, मग पुढची पाच. मधली गणितं सुटू नयेत म्हणून एक पुठ्ठा; चालू ओळ उघडी, बाकी पान झाकलेलं. आणि पेन्सिलीचं काम आजोबांनी केलं. माझ्या जुन्या दोरीच्या तुकड्यानं त्यांनी पेन्सिल पाटीच्या चौकटीला बांधून टाकली. दोन महिन्यांत एकच पेन्सिल लागली.

एका रात्रीत ती हुशार झाली असं समजू नका. पाऊस पडल्यासारखा गुण येत नाही. ती अजून दप्तर विसरून येई, अजून मध्येच बोले. पण तिच्या पाटीवर भागाकार शेवटपर्यंत जाऊ लागला, आणि बाकी शून्य आली की ती मला गुरुजींनी न सांगताच वाजवी. गुरुजी रागावल्यासारखं करत.

मार्चच्या सुरुवातीला पोपटराव गुरुजी परत आले. दारात आले तेव्हा वर्ग उभा राहून सोळाचा पाढा टाळ्यांवर म्हणत होता. ते फळ्यापर्यंत चालत आले. मग म्हणाले, "ही शाळा आहे का भजनी मंडळ?"

बन्सी गुरुजींनी सगळं समजावून सांगितलं, म्हाळूची वही पुढे केली. पोपटरावांनी वही उघडलीसुद्धा नाही. एका पोरीसाठी चाळीस पोरांचा खेळ मांडायचा नसतो, म्हणाले. चाळीसही पोरांचे पाढे पक्के झाले होते, पण हे कोण सांगणार? पुठ्ठा फाटला, पेन्सिलीची दोरी तुटली, म्हाळू कोपऱ्यात गेली आणि मी कपाटात. तीच फोक शेजारी.

परीक्षेला साडेतीन आठवडे होते. रागानं मी आतल्या आत तडकलो असतो. कसायाच्या हातूनही असा अन्याय मी पाहिला नाही, कारण कसायाला निदान माहीत असतं की आपण काय करतोय. ह्यांना वाटत होतं की आपण शिस्त लावतोय.

शाळेत वाट बंद झाली, तेव्हा आजोबांनी ती मळ्यात काढली. मला हे नंतर कळलं. शाळा सुटली की म्हाळू विहिरीच्या कठड्यापाशी पाटी घेऊन बसे. पाच गणितं, की मोगऱ्याच्या वाफ्यांना एक फेरी. आजोबा हाताच्या टाळ्यांनी गजर घेत. बबनराव आधी लांबून बघत. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी एक नवा पुठ्ठा कापून आणला आणि पाटीवर ठेवला.

परीक्षेचा दिवस आला. गणिताचा पेपर, दोन तास, आणि पर्यवेक्षक पोपटराव. मला जाळीतून म्हाळूची पाठ दिसत होती. पहिली चार गणितं तिनं भराभर केली. मग खिडकीवर चिमणी आली. म्हाळूची मान वळली. टाक हातात तसाच. शाईचा थेंब पानावर पडला, तोही तिला दिसला नाही. मी मनातल्या मनात ओरडत होतो, अगं बाई, खाली बघ, खाली. पण टाळाला आवाज असतो, हात नसतो. माझ्यासारखी लाचार वस्तू त्या घडीला जगात दुसरी नव्हती.

आणि तेवढ्यात शेजारच्या खोलीतून आवाज आला. पहिलीची वीस पोरं उभी राहिली आणि टाळ्या वाजवून दोनाचा पाढा म्हणू लागली. बे एके बे. म्हाळूनं दचकून मान वळवली, पानाकडे पाहिलं, आणि टाक चालू लागला.

थोड्या वेळानं पुन्हा. आणि पुन्हा. दर वेळी तिची मान वर जाई आणि तो आवाज तिला परत घेऊन येई. चौथ्यांदा पोपटराव तडक बाहेर गेले. भिंतीपलीकडचं बोलणं मला स्पष्ट ऐकू आलं.

"परीक्षा चालू आहे, कळत नाही का?"

"पहिलीला पाढे शिकवतोय, गुरुजी," बन्सी गुरुजी शांतपणे म्हणाले. "माझ्या वेळापत्रकात हाय. बंद करायचा हुकूम असंल तर लिहून द्या."

पोपटरावांनी लिहून दिलं नाही. त्यांनी आयुष्यात चुकीचं काही कागदावर आणलं नव्हतं, आणि हे चुकीचं आहे हे त्यांना कुठंतरी कळलं असावं. ते परत येऊन खुर्चीत बसले. पाढे चालू राहिले. घंटा झाली तेव्हा म्हाळू शेवटच्या गणिताखाली रेघ मारत होती.

निकाल लागला. बेचाळीस टक्के. गणितात सत्तावन्न. पास.

हौसराव त्याच दिवशी आले, धुतलेलं धोतर नेसून. ह्या वेळी दारात थांबले नाहीत, टेबलापर्यंत गेले. पोपटराव गुरुजींनी कपाट उघडलं, मला बाहेर काढलं. "बेचाळीस टक्के आहेत, हौसराव. नाचावं असं काही नाही."

"नाचाया आलोच न्हाई, गुरुजी. टाळ न्याया आलोय."

मला वाटलं, आता सरळ देवळात. पण आजोबा मला घेऊन शेजारच्या खोलीत गेले. बन्सी गुरुजी पहिलीच्या पाट्या पुसून रचत होते. आजोबांनी मला त्यांच्या टेबलावर ठेवलं.

"आबा, हा तुमचा देवाचा टाळ..."

"देवळात टाळ पंधरा हाईत," आजोबा म्हणाले. "शाळंत एकच हाय. ऱ्हाऊ द्या."

तेव्हापासून मी इथंच आहे, मित्रांनो. हौसराव आता राहिले नाहीत. बन्सी गुरुजी अजून आहेत, आणि मी त्यांच्या फळ्याशेजारी खिळ्याला असतो. पण ह्या भिंतीपलीकडे अजून एखादं पोर अंगठे धरून उभं असतं, आणि "हलू नको" हे माझ्या कानावर येतं. माझा राग का शमत नाही ते आता तुम्हाला कळलं असेल. तुमच्या शेजारच्या पाटावर असं एखादं पाखरू बसलेलं असेल तर त्याला हसू नका. त्याचं मन सुटलं की हळूच पानावर बोट ठेवून त्याला परत बोलवा. आणि घरी, शाळेत जी मोठी माणसं आहेत त्यांना माझा निरोप सांगा: हात उगारायचाच असेल तर गजरासाठी उगारा.

म्हाळू आता आठवीत आहे, यवतच्या हायस्कुलात. रस्त्यानं चालता चालता धडे पाठ करते. दर शनिवारी शाळा सुटली की माझी दोरी बदलायला म्हणून इथं येते, मला पुसते, एकदा वाजवून बघते.

दोरी मात्र दर वेळी घरीच विसरते.